गाय, गवत आणि गाळ: कून क्रीक खोऱ्याची नव्वद वर्षं

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्य भागात कून क्रीक नावाचा ओढा मिसिसिपीला मिळतो. त्याच्या खोऱ्याची विमानातून घेतलेली दोन छायाचित्रं मृदसंधारणाच्या अभ्यासात वारंवार शेजारी शेजारी ठेवली जातात. पहिलं १९३४ चं. त्यात शेतं चौकोनी आहेत आणि त्यांच्या कडा पट्टी ठेवून आखल्यासारख्या सरळ. दुसरं १९६७ चं. टेकडी तीच आहे, पण शेतांचे आता लांब, वळणदार पट्टे झालेत. ते उताराला आडवे जातात, एक गडद, एक फिका, पुन्हा एक गडद.

या काळात या खोऱ्यात दोन वेगळी कामं झाली. एक काम १९३३ मध्ये शेतांवर सुरू झालं. दुसरं पन्नाशी-साठीच्या दशकांत ओढ्यांवर झालं, म्हणजे पूर अडवणारे मातीचे बांध. अहवालांत ही दोन्ही कामं बहुतेक वेळा एकाच दमात सांगितली जातात. माझ्या मते त्यांना वेगळं केल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही. त्यांचं श्रेय वेगळं आहे, त्यांचं आयुष्य वेगळं निघालं आणि २०१८ साली एका रात्रीत त्यांच्यातला फरक उघडा पडला.

जमीन

हिमयुगात उत्तर अमेरिकेचा मोठा भाग बर्फाच्या थराखाली खरवडून सपाट झाला. हा तुकडा मात्र सुटला. म्हणून इथे उंच धारा आहेत, खोल दऱ्या आहेत आणि धारेपासून दरीच्या तळापर्यंत चारशे-पाचशे फुटांचा उतार आहे. खाली वालुकाश्म आणि डोलोमाइट, आणि वर वाऱ्याने आणून टाकलेली बारीक, मऊ, सुपीक माती. नांगराला ती लोण्यासारखी लागते, पाण्यालाही तशीच लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इथे वसाहत झाली. कून क्रीकच्या आसपास नॉर्वेहून आलेली कुटुंबं बरीच होती. जमिनीची सरकारी मोजणी आधीच झाली होती आणि ती चौरसांत झाली होती. टेकडी असो वा दरी, रेषा उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम. शेताची हद्द चौकोनी म्हटल्यावर नांगराचे तासही त्या हद्दीला समांतर, आणि मग अनेक ठिकाणी ते उतारावरून सरळ खाली. पावसाळी पाण्याला वाट दाखवायला याहून सोपी युक्ती नाही.

सुरुवातीला गहू होता. १८७० नंतर राज्यात गव्हाची सद्दी संपत गेली आणि शेतकरी दुधाकडे वळले. इथे वाचक सुटकेचा श्वास सोडेल, कारण गहू गेला आणि गवत आलं. पण तसं झालं नाही. गाईंना मका लागायचा, तो धारेवरच्या शेतात पेरला जायचा आणि गाई मात्र चरायला पाठवल्या जायच्या नांगर न पोचणाऱ्या उभ्या, झाडीच्या उतारांवर. तिथली माती खुरांनी चेपली गेली, झाडांची रोपं खाल्ली गेली, पालापाचोळ्याचा थर नाहीसा झाला. जिथे पाणी मुरायचं तीच जागा पाणी झटकून टाकू लागली. गाई रोज ज्या पायवाटेने खाली यायच्या, ती वाट पाण्याने उचलली की त्याची घळ व्हायची.

म्हणजे वर शेतातून निघालेलं पाणी, मधल्या उतारावर न मुरता, वेगाने खालच्या दरीत. सोबत माती. १९२० आणि १९३० च्या दशकांत खालच्या खोऱ्यात काही ठिकाणी पूरमैदानावर वर्षाला १५ सेंटिमीटरपर्यंत गाळ साचत होता. वर्षाला वीतभर नाही म्हणता येणार, पण फार कमीही नाही. कुंपणाचे खांब गाडले जायचे, पुलांखालची मोकळी जागा भरत यायची आणि ओढ्याचा तळ वर आल्यामुळे पुढचा पूर आणखी पसरायचा. खालच्या चेसबर्ग गावाने हे चांगलंच भोगलं.

याआधी कोणी काही केलं नव्हतं असं नाही. विद्यापीठाच्या विस्तार शाखेने घळींमध्ये माती अडवणारे छोटे बांध घालायला शेतकऱ्यांना शिकवलं होतं. पण वरचा उतार तसाच राहिला की असा बांध काही वर्षांत गाळाने भरतो आणि मग पाणी त्याच्यावरून नाहीतर बाजूने जातं. आपल्याकडे पाणलोटाचं काम करणारे जुने लोक ‘माथा ते पायथा’ असं म्हणतात, त्यातला ‘माथा’ इथे सुटला होता.

करार

१९३३ हे मंदीचं वर्ष. रूझवेल्ट सरकारने अंतर्गत व्यवहार खात्यात सॉइल इरोजन सर्व्हिस नावाची नवी यंत्रणा उभी केली आणि तिची सूत्रं ह्यू हॅमंड बेनेट या मृदातज्ज्ञाकडे दिली. बेनेट अनेक वर्षं सांगत होते की धूप हा देशावरचा धोका आहे. आता त्यांना ते दाखवून देण्यासाठी जागा हव्या होत्या. देशातलं पहिलं प्रात्यक्षिक पाणलोट म्हणून कून क्रीकची निवड झाली. क्षेत्र सुमारे ९२,००० एकर, शेतकरी सुमारे ८००. जवळच ला क्रॉस इथे धूप मोजणारं प्रयोग केंद्र होतं, विस्कॉन्सिन विद्यापीठ मदतीला होतं आणि अंगमेहनतीला सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअरचे बेकार तरुण होते.

सरकारने जमीन घेतली नाही. प्रत्येक शेतकऱ्याबरोबर पाच वर्षांचा करार केला. शेताचा नकाशा काढायचा, उतार आणि माती बघायची आणि त्या शेताचा आराखडा शेतकऱ्याशी बोलून ठरवायचा. सरकारकडून मजूर, कुंपणाची तार, बियाणं, चुना, खत आणि तांत्रिक सल्ला. शेतकऱ्याकडून शब्द, की पाच वर्षं आराखड्याप्रमाणे वागेन. आठशेपैकी ४१८ जणांनी सह्या केल्या. ज्यांनी केल्या नाहीत त्यांचाही मुद्दा समजण्यासारखा होता. शहरातून आलेली पोरं आपल्या शेताच्या बांधांना हात लावणार, हे कोणाला आवडेल?

आराखड्यात काय होतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

धारेवरच्या आणि सौम्य उतारावरच्या शेतात समपातळी रेषेवर पट्टापेर. एका पट्ट्यात मका, शेजारच्या पट्ट्यात ओट, त्याच्या शेजारी लसूणघास किंवा इतर वैरणीचं गवत. मक्याच्या उघड्या ओळींमधून सुटलेलं पाणी खालच्या गवताच्या पट्ट्यात शिरतं, तिथे त्याचा वेग मरतो, सोबतची माती तिथेच बसते. पुढच्या वर्षांत पट्टे फिरतात, म्हणजे गवताने धरलेल्या, ओलाव्याने आणि नत्राने सुधारलेल्या जमिनीत मका येतो. पट्टापेरेसाठी मोठं यंत्र लागत नाही आणि जमीनही वाया जात नाही. फक्त चौकोनाची सवय मोडावी लागते.

सर्वांत उभ्या उतारांवर नांगर नाही आणि जनावरंही नाहीत. म्हणजे चराईबंदी. त्या बदल्यात खालच्या, कमी उताराच्या कुरणाला चुना आणि खत देऊन तिथे जास्त चारा उगवायचा. घळींच्या तोंडाला अटकाव, ओढ्याच्या काठाला विलोच्या फांद्यांचं अस्तर. वन्यप्राण्यांसाठी खाद्यझुडपं, आणि हा भाग पाहणारे होते वन्यजीवतज्ज्ञ अल्डो लिओपोल्ड. ते त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक झाले होते. माती, जंगल, चारा आणि पक्षी यांच्या वेगवेगळ्या योजना वेगवेगळ्या दिवशी त्याच शेतावर येऊन एकमेकींचं काम बिघडवतात, त्या एका आराखड्यात बसवा, हा त्यांचा आग्रह होता. आजच्या कोणत्याही तालुक्याच्या कचेरीत तो टांगून ठेवायला हरकत नाही.

गाय

करार पाच वर्षांत संपले. पट्टे मात्र राहिले. इतकंच नाही, ज्यांनी सही केली नव्हती त्यांच्या शेतांवरही ते हळूहळू आले. १९३५ मध्ये सॉइल इरोजन सर्व्हिस शेती खात्यात जाऊन सॉइल कॉन्झर्वेशन सर्व्हिस झाली, १९३७ पासून राज्यांनी कायदे करून स्थानिक मृदसंधारण मंडळं उभी केली आणि पद्धत कून क्रीकच्या बाहेर पसरली. १९६७ च्या छायाचित्रात दिसतात ते पट्टे या पसरण्याचेच.

सरकारी अनुदान थांबल्यावर बांधबंदिस्तीची कामं नांगराखाली जाताना सगळ्यांनीच पाहिलेली आहेत. इथे ती का गेली नाहीत?

उत्तर गोठ्यात आहे. विस्कॉन्सिनमध्ये गाय वर्षातले बरेच महिने गोठ्यात असते आणि तेव्हा तिला चांगली वैरण लागते. आराखड्याने धूप थांबवण्यासाठी जो गवताचा पट्टा सांगितला, तोच पट्टा शेतकऱ्याला हिवाळ्यासाठी हवा होता. लसूणघासाने माती धरली आणि दूधही वाढवलं. उभ्या उतारावरची चराई सोडणं हाही तोटा नव्हता. तिथे गाईला चारा कमी मिळायचा आणि चालणं जास्त व्हायचं. चुना घातलेल्या खालच्या कुरणात ती कमी वेळात पोट भरायची. शेतकऱ्याने मातीवर उपकार म्हणून काहीच केलं नाही. त्याच्या हिशेबात ते बसलं, म्हणून केलं.

वीस वर्षांपूर्वी ज्या जनावराने हा उतार मोडला होता, त्याच जनावराच्या पोटासाठी तो सावरला गेला. हे वाक्य मी नाट्य आणण्यासाठी लिहीत नाही. संधारणाचं खरं खुंट कुठे ठोकलेलं होतं ते त्यातून दिसतं, आणि ते खुंट कधी उपटलं गेलं ते पुढे येईलच.

बांध

आता दुसरं काम. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पुरावरून दोन सरकारी यंत्रणांत चांगलीच जुंपली होती. लष्कराच्या अभियंत्यांचं दल म्हणायचं, मोठ्या नदीवर मोठं धरण बांधा. शेती खात्याची माणसं म्हणायची, पूर वरच्या शेतांतून येतो, तिथेच लहान लहान बांध घाला. १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्याने शेती खात्याला अकरा खोऱ्यांत काम करायला वाव दिला. ४ ऑगस्ट १९५४ रोजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पाणलोट संरक्षण आणि पूरप्रतिबंधाच्या कायद्यावर सही केली. तो सार्वजनिक कायदा क्रमांक ५६६ म्हणून ओळखला जातो. अडीच लाख एकरांपर्यंतच्या पाणलोटात केंद्र सरकार पूर अडवणारे बांध बांधून देणार. जमिनीचे हक्क मिळवणं आणि पुढची देखभाल स्थानिक मंडळाकडे किंवा काउंटीकडे, म्हणजे जिल्हा प्रशासनाकडे.

हा कायदा आणि त्याच्यासारखे इतर कार्यक्रम मिळून देशभर अकरा हजारांहून अधिक बांध झाले. कून क्रीकमध्ये चौदा. शेजारच्या वेस्ट फोर्क किकापू खोऱ्यात नऊ.

असा बांध कसा चालतो? तो पाणी साठवायला नसतो. दरी अरुंद होते तिथे मातीचा भराव घालायचा, दोन्ही टोकं टेकडीला टेकवायची. पोटातून एक ठरावीक व्यासाचा नळ. एरवी ओढा त्या नळातून वाहून जातो आणि मागची जागा कोरडी, नाहीतर नुसतं डबकं. जोराचा पाऊस झाला की आवक नळाच्या ताकदीपलीकडे जाते, पाणी मागे तुंबतं आणि पुढचे काही दिवस बेताबेताने सुटतं. तेही पुरेसं नाही झालं तर एका बाजूला गवताळ सांडवा. खालच्या गावाला सगळं पाणी तेवढंच मिळतं, पण एकदम मिळत नाही.

आराखड्यात या बांधांचं आयुष्य साधारण पन्नास वर्षं धरलेलं असायचं. कागदावरचं आयुष्य संपल्यावर काय, याचं उत्तर त्या वेळी कोणी द्यायचं नसतं. पन्नास वर्षांनी ते देणारा माणूस दुसरा असतो.

हे बांध निरुपयोगी होते असं मला म्हणायचं नाही. लहान-मध्यम पावसांत त्यांनी रस्ते, पूल आणि खालची शेतं वाचवली. पण ते बांधले गेले तेव्हा वरचा उतार बराच सुधारलेला होता. पूर आधीच मवाळ झाले होते, ओढ्यात गाळ आधीच कमी येत होता. म्हणून तर बांध भरून गेले नाहीत. १९२० च्या दशकातल्या घळींमधल्या बांधांचं जे झालं ते यांचं झालं नाही, कारण वर गवत होतं. यशाची पाटी मात्र बांधावर लागली. भराव दिसतो, त्याचं उद्घाटन करता येतं. मुरलेलं पाणी कोणाला दिसत नाही.

थोडं विषयांतर, पण जवळचंच. किकापू नदीवर ला फार्ज इथे अभियंत्यांच्या दलाला मोठं धरण मंजूर झालं, १९६२ साली. सुमारे दीडशे कुटुंबांच्या जमिनी घेतल्या गेल्या. बांधकाम १९७१ मध्ये सुरू झालं आणि १९७५ मध्ये थांबलं, खर्च आणि पर्यावरणाच्या प्रश्नांवरून. धरण कधीच झालं नाही. काँक्रीटचा मनोरा अजून उभा आहे आणि उठवलेल्या शेतांवर आता राखीव वन आहे. लहान बांधांच्या बाजूने बोलणारे हे उदाहरण देतात आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

गाळाचा ताळेबंद

कून क्रीक जगभरच्या भूरूपशास्त्रज्ञांना माहीत आहे ते वेगळ्याच कारणाने. १९३८ मध्ये सॉइल कॉन्झर्वेशन सर्व्हिसच्या लोकांनी या खोऱ्यात ठिकठिकाणी दरीच्या आडव्या छेदरेषा मोजल्या आणि गाळ किती जाडीचा आहे ते छिद्रं पाडून नोंदवलं. स्टॅन्ली ट्रिंबल या भूगोलतज्ज्ञाने सत्तरच्या दशकात त्याच रेषा शोधून पुन्हा मोजल्या आणि नव्वदच्या दशकात आणखी एकदा. एकाच खोऱ्याचा पन्नासहून अधिक वर्षांचा प्रत्यक्ष मोजलेला हिशेब फार कमी ठिकाणी मिळतो.

निघालं ते असं. दरीत गाळ साचण्याचा वेग १९७५ ते १९९३ या काळात तीसच्या दशकातल्या वेगाच्या जेमतेम ६ टक्के राहिला होता. टेकडीवरचं काम खरोखर फळलं होतं.

दुसरा आकडा मात्र अनेकांना खटकला. खोऱ्यातून मिसिसिपीत जाणारा गाळ या सगळ्या काळात फारसा बदलला नव्हता. धूप भयानक होती तेव्हाही साधारण तेवढाच आणि ती आटोक्यात आली तेव्हाही साधारण तेवढाच. म्हणजे मुखाशी पाण्याचे नमुने घेत बसलेल्या माणसाला साठ वर्षांत वर काही घडलंय याचा पत्ताही लागला नसता.

याचं कारण घरखर्चाच्या वहीसारखं आहे. धूप जोरात असताना टेकडीवरून सुटलेली बहुतेक माती मिसिसिपीपर्यंत पोचतच नव्हती. ती वाटेत दरीच्या तळावर बसत होती. नंतर वरून येणारी माती कमी झाली, तेव्हा ओढ्याने आपल्याच काठांतून जुना गाळ खरवडायला सुरुवात केली. पूर्वी ठेव वाढत होती, आता ठेव मोडून खर्च चालला होता. बाहेर जाणारी रक्कम तीच.

याचे परिणाम दोन दिशांनी जातात. पहिला असा की ‘नदी अजून गढूळ आहे, म्हणजे मृदसंधारण फसलं’ हा निष्कर्ष काढण्याआधी वरचा उतार बघावा लागतो. दुसरा असा की दरीत बसलेला तो गाळ आजोबांच्या कर्जासारखा नातवंडांच्या नावावर राहतो. दोन-तीन मीटर उंचीचे मातीचे उभे काठ तिथे अनेक ठिकाणी दिसतात. त्यांचा खालचा काळा थर म्हणजे वसाहतीपूर्वीची जमीन आणि त्यावरचं फिकट सगळं टेकडीवरून आलेलं.

पाण्याचं मात्र चांगलं झालं. या प्रदेशातल्या ओढ्यांच्या नोंदी सांगतात की पुराची शिखरं उतरली आणि कोरड्या दिवसांतला प्रवाह वाढला. मुरलेलं पाणी वालुकाश्मातून झऱ्यांनी बाहेर येतं आणि ते बारमाही थंड असतं. त्यामुळे गढूळ, तापणाऱ्या ओढ्यांत ट्राउट मासे परतले. आज लोक दूरदूरहून इथे गळ टाकायला येतात.

२७ ऑगस्ट २०१८

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत या भागात काही ठिकाणी दहा इंचांहून अधिक पाऊस झाला. आकडा कळावा म्हणून एक हिशेब. एका एकरावर एक इंच पाऊस म्हणजे साधारण एक लाख लिटर पाणी. कून क्रीकच्या सगळ्या खोऱ्यावर दहा इंच पडला असं धरलं तर सव्वातीन टीएमसीच्या आसपास. ओढा एवढासा, उतार उभा, वेळ काही तासांचा.

पाच बांध फुटले. तीन कून क्रीकमधले, दोन वेस्ट फोर्क किकापूमधले.

फुटण्याची पद्धत महत्त्वाची आहे. मातीचा भराव मधोमध खचला नाही. पाणी भरावाच्या टोकाला, जिथे तो टेकडीला टेकतो तिथून गेलं. तिथला वालुकाश्म भेगाळलेला आहे. दऱ्या खोल कोरल्या गेल्या की त्यांच्या बाजूंच्या खडकावरचा दाब सुटतो आणि खडकात उभ्या भेगा पडतात. तलाव काठोकाठ भरला, तेव्हा एवढा दाब त्या भेगांवर कदाचित पहिल्यांदाच आला. पाणी त्यांतून घुसलं, वाळू धुऊन काढली, मग टेकलेला भराव तुटत गेला. दोष भरावाच्या मातीत नव्हता. ज्या टेकडीला टेकू मानलं, ती टेकू देण्यासारखी नव्हती. साठ वर्षं हे लक्षात आलं नाही, कारण साठ वर्षं पाणी त्या उंचीला त्या ताकदीने उभं राहिलं नाही.

आणि मग उरलेल्या बांधांचं काय? तेही त्याच खडकाला टेकलेले. सॉइल कॉन्झर्वेशन सर्व्हिसचं नाव १९९४ मध्ये नॅचरल रिसोर्सेस कॉन्झर्वेशन सर्व्हिस झालं होतं. त्या संस्थेने दोन्ही खोऱ्यांचा अभ्यास केला. आजच्या सुरक्षा निकषांप्रमाणे बांध नव्याने बांधायचे तर येणारा खर्च त्यांनी वाचवलेल्या नुकसानीच्या तुलनेत फार जास्त होता. शिफारस आली ती सगळे, म्हणजे तेवीसच्या तेवीस, बांध निकालात काढण्याची. खाली राहणाऱ्यांना हे ऐकणं सोपं गेलं नाही. लहानपणापासून डोक्यावर बांध पाहिलेल्या माणसाला ‘तो नसलेला बरा’ हे पटवणं कठीण असतं, आणि दर मध्यम पुरात त्याची आठवण निघणारच.

आता गाईकडे परत. १९५० च्या सुमारास विस्कॉन्सिनमध्ये दूध काढणारी सुमारे १ लाख ४० हजार शेतं होती. आज ती सहा हजारांखाली आहेत. राज्यातलं दूध कमी झालेलं नाही. ते मोजक्या मोठ्या गोठ्यांत एकवटलं. तीस-चाळीस गाईंचं कुटुंबाचं शेत बंद झालं की त्या शेताला लसूणघासाचं कारण उरत नाही. मग मका आणि सोयाबीन, दोन्ही ओळीतली पिकं, दोन्ही वर्षातला बराच काळ जमीन उघडी ठेवणारी. यंत्र मोठं झालं की वळणदार अरुंद पट्टे अडचणीचे वाटतात आणि दोन पट्टे मिळून एक होतात. १९८५ च्या शेती कायद्याने जास्त धुपणाऱ्या जमिनींसाठी अनुदानाला अटी घातल्या, काही जमिनी दहा-दहा वर्षं पडीक गवताखाली ठेवण्यासाठी पैसे दिले आणि त्याचा उपयोगही झाला. पण ते पैसे म्हणजे करार, आणि धान्याचे भाव चढले की करार न वाढवता नांगर घालणारे असतात. ते चूक करतात असं मी म्हणणार नाही. १९३० च्या दशकात त्यांच्या आजोबांनीही हिशेबच पाहिला होता. फक्त हिशेबाचा निकाल त्या वेळी गवताच्या बाजूने लागला.

दहा इंचांचा पाऊस चांगल्या गवतानेही पूर्ण मुरवला नसता, हे मान्य करायला हवं. जमीन एकदा भरली की उतार कोणताही असो, पाणी वाहणारच, आणि अलीकडे असे पाऊस या भागात वरचेवर होऊ लागले आहेत. त्यामुळे २०१८ चा पूर पट्टे मोडल्यामुळे आला असं सरळ म्हणता येत नाही. मात्र पहिले दोन-तीन इंच मुरणं आणि पहिल्या इंचापासून वाहणं यातला फरक ओढ्याच्या शिखरात उतरतो. बांधांचं संरक्षण जाणार असेल तर तो फरक आणखी महागाचा ठरतो. पुरानंतर खोऱ्यातल्या काही शेतकऱ्यांनी आणि रहिवाशांनी एकत्र येऊन पाणलोटाचा गट बांधला आहे. आच्छादन पिकं, बिननांगरटीची पेरणी आणि चराईखालची कुरणं यांवर त्यांचा भर आहे. गाई पुन्हा उतारावर आणायच्या, पण यावेळी कुरणाचे तुकडे पाडून, रोज जागा बदलून, खुरांना एका जागी टिकू न देता.

बांध निकालात काढणं म्हणजे अख्खा भराव उचलून नेणं नसतं. भरावात ओढ्याच्या रुंदीची खाच पाडतात, तिच्या बाजू उतरत्या करतात, नळ आणि जुनं काँक्रीट काढतात आणि पाण्याला जुन्या वाटेने जाऊ देतात. मागे साठ वर्षांचा गाळ उघडा पडतो. पहिल्याच पावसात तो खाली जाऊ नये म्हणून खाच पाडून झाली की त्यावर गवत पेरतात.